दार धरून बसलेला डॉक्टर

"या दाराला तुम्ही लाथ मारलीत का हो?"

मारली होती. पण रस्त्यावरच्या अनोळखी माणसाला ते कशाला सांगायचं?

"नाही," मी म्हणाले.

"मग हा चपलेचा ठसा कुणाचा?"

मी पाय मागे घेतला. त्यानं हेल्मेट मोटरसायकलच्या हँडलला अडकवलं आणि माझ्या गाडीभोवती एक चक्कर मारली. उंच होता, उन्हानं रापलेला, आणि शर्टाच्या बाहीवर वाळलेल्या शेणाचा डाग. दिसायला बरा होता, पण तेव्हा मला त्याचं काही पडलेलं नव्हतं. मला रडू येत होतं.

श्रावणातला रविवार होता. संध्याकाळी आमच्या घरी कानबाई, आमची खानदेशातली देवी, बसणार होती आणि कानबाईची नथ माझ्या गाडीच्या मागच्या सीटवर होती. नथीचा एक मोती निखळला होता म्हणून मी ती जळगावच्या सराफाकडे दिली होती. मी नोकरीला जळगावलाच, ठिबक सिंचनाच्या कंपनीत, म्हणून घरच्या अशा कामांचं गाठोडं नेहमी माझ्याच डोक्यावर. नथ घेऊन पाचोऱ्याकडच्या आमच्या गावी निघाले, तर शिरसोलीच्या पुढे रस्त्याकडेला गंगाफळं दिसली. लाल भोपळ्याला आमच्याकडे गंगाफळ म्हणतात, आणि कानबाईच्या जेवणात त्याची भाजी हवीच हवी. म्हणून उतरले, दार लावलं, चांगलं घसघशीत गंगाफळ निवडलं, परत आले... तर चावी फिरेना.

"चावीच्या भोकात काय भरलंय हे? लाल लाल?" त्यानं वाकून बघत विचारलं.

"कुंकू."

"काय?"

"आमचे नाना, माझे वडील, दर दसऱ्याला गाडीची पूजा करतात. बोनेटची, चाकांची, आणि चावीच्या भोकाची. तेलात कालवलेलं कुंकू, वर अक्षता. त्यांचं म्हणणं, गाडीचा जीव तिथं असतो."

तो हसला नाही. हसू दाबायला त्याला फार कष्ट पडत होते, ते मात्र दिसलं.

"आणि बाकीची दारं?"

"आतून खुंट्या दाबलेल्या आहेत. चावी या एकाच दाराला लागते. जुनी गाडी आहे हो, सगळं एका बटणात होत नाही!"

"माझ्यावर का चिडता? मी कुंकू लावलं का?" तो मागच्या डाव्या दारापाशी गेला. त्या दाराची काच कित्येक दिवसांपासून पूर्ण वर चढत नव्हती, वर बोटभर फट राहायची. "ही फट पुरे. थांबा, मी गुरांचा डॉक्टर आहे."

"गाडी आजारी नाहीये."

"अडलीय तरी." त्यानं मोटरसायकलच्या डिकीतून टाके घालायचा जाड दोरा काढला, त्याचा फास केला आणि फटीतून आत सोडला. मी काचेला नाक लावून दुसऱ्या बाजूनं बघत होते. "डावीकडे... अजून... अहो, तुमच्या डावीकडे नाही, माझ्या!"

"तुमची डावी बाजू मला कशी कळणार? अजून ओळख तरी झाली का आपली?"

"चारुलता. आता सरकवा उजवीकडे."

"कुंदन." फास खुंटीवर बसला. त्यानं हळूच ओढला. खुंटी वर आली, दार उघडलं, आणि मी भोपळा तिथंच टाकून आत झेपावले. नथीची डबी जागेवर होती. माझ्या जिवात जीव आला.

पुढचं दार आतून उघडलं. सगळं छान झालं. फक्त मागचं ते दार लागेना. आपटलं, दाबलं, दोघांनी मिळून ढकललं... लावलं की परत उघडायचं. आतली सळी कुठंतरी निसटली असणार.

"असं वाऱ्यावर दार उघडं टाकून कशी नेणार?" तो म्हणाला. "मी मागं बसतो धरून."

मी त्याच्याकडे बघितलं. ओळख ना पाळख. माझ्या मनातलं भोपळेवालीनं ओळखलं. "बस वं माय बिनधास्त," ती म्हणाली. "डॉक्टर शे तो. मनी म्हैस त्यानीच वाचाडी." मग त्याची मोटरसायकल तिच्या भोपळ्यांशेजारी लागली आणि आम्ही निघालो.

म्हसावद गेलं, नांद्रा गेलं. तो मागे एका हातानं दार धरून, दुसऱ्या हातात नथीची डबी आणि मांडीवर गंगाफळ घेऊन बसला होता. खड्डा आला की दार त्याला बाहेर ओढायचं आणि तो दाराला आत. आरशात मला सगळं दिसत होतं. आरसा मी थोडा हलवला होता, रस्ता नीट दिसावा म्हणून. म्हणजे मी तरी स्वतःला तसंच सांगितलं.

"एवढं दार धरलं, मग रोट खायला घालणार ना?" त्यानं विचारलं.

"नाही."

"लगेच नाही?"

"तुम्ही खानदेशातलेच ना? माहीत नाही? कानबाईच्या प्रसादाचे रोट घरच्यांनी आणि भाऊबंदांनीच खायचे. बाहेरच्या कुणाला एक तुकडाही नाही. आमचे नाना यात फार कडक आहेत."

"आमच्याकडे बसत नाही कानबाई. धुळ्याला शाळेतले मित्र एवढंच सांगायचे, आज आमच्याकडे येऊ नको." त्यानं डबीच्या हातानं मांडीवरचं गंगाफळ सावरलं. "रोटाचा वास मात्र यायचा."

मला एकदम वाईट वाटलं. त्या वाईट वाटण्याचं काही कारण नव्हतं, तरी वाटलं.

घरी नथ वेळेवर पोचली. नानांनी त्याला ओट्यावर बसवून चहा पाजला, चार वेळा आभार मानले आणि रोट देता येत नाहीत म्हणून चार वेळा माफी मागितली. तो एसटीनं परत गेला. जाताना मला म्हणाला, "दाराची काळजी घ्या." मी म्हणाले, "घेईन." एवढंच.

दुसऱ्याच आठवड्यात अजिंठा चौफुलीजवळच्या गॅरेजात दार खोललं, तेव्हा तो बघायला आला. मीच कळवलं होतं. आता ज्यानं दार धरलं त्याला नको का कळवायला? मेकॅनिकनं चावीच्या भोकातून कुंकवाचा लगदा काढला आणि आमच्या दोघांकडे आळीपाळीनं बघितलं. कुंदन गंभीरपणे म्हणाला, "यांच्याकडची पद्धत आहे." मला इतकं हसू आलं की बाहेर जाऊन उभी राहिले.

त्यानंतर वर्षभर ते दार बिघडतच राहिलं. कधी उघडायचं नाही, कधी लागायचं नाही. सळी बसवली की आठवडाभर गुण्यागोविंदानं राहायचं, पुन्हा काहीतरी काढायचं. नवीन बसवून टाका, मेकॅनिक म्हणायचा. मी म्हणायचे, बघू. सकाळी कुंदनचा फोन यायचा. "तुझं दार काय म्हणतं?" एवढ्यावर आमचं बोलणं सुरू व्हायचं आणि मला ऑफिसला उशीर व्हायचा. हिवाळ्यात त्याच्या मित्राच्या शेतात भरीत पार्टी झाली. धूर डोळ्यांत गेला म्हणून मी डोळे चोळत होते, तर त्यानं आपला रुमाल पाण्यात भिजवून आणून दिला आणि काही न बोलता वांगी सोलायला जाऊन बसला. मला त्या दिवशी कळलं की मला हा माणूस हवा आहे. दारासाठी नाही, रोजच्यासाठी.

पण त्याला काही कळलं की नाही, कोण जाणे! त्याची बदली पाचोऱ्याला झाली. नानांच्या गोठ्यात त्याचं येणं-जाणं सुरू झालं. नाना त्याला फोन करून म्हशीच्या तक्रारी सांगायचे, आई त्याच्यासाठी लोणचं बाजूला काढायची. सगळं घर त्याच्याशी बोलायचं. फक्त त्यानं बोलायला हवं होतं ते त्याच्या तोंडून निघेना.

आणि मग नाशिकचं स्थळ आलं. श्रावण संपला की बघायला येणार होते. मी मुद्दाम कुंदनला सांगितलं. म्हटलं, आता तरी बोलेल.

तो म्हणाला, "बरं."

बरं? बरं म्हणे! मी फोन ठेवला आणि त्या आठवड्यात त्याचा एकही फोन घेतला नाही.

यंदाच्या कानबाईला मी सकाळीच गावी गेले. ताईबाई आजीला भडगावहून तिच्या मुलाकडून आणायचं होतं. ताईबाई आजी म्हणजे नानांची काकू, आमच्या भाऊबंदांत सगळ्यात थोरली. तिच्याशिवाय कानबाई बसत नाही. तिला आणलं, गाडी गोठ्याच्या भिंतीला खेटून लावली, मी पुढच्या डाव्या दारानं उतरले. ती मागे बसलेली. उजवीकडे भिंत. आणि डावीकडचं दार... उघडेना. बाहेरून नाही, आतून नाही.

"अवं उघड ना!" आजी आतून काचेवर बांगड्या वाजवत होती. "मी आठेच मरी जासू!"

अंगणात ही गर्दी. नाना एकीकडून ओढतायत, काका दुसरीकडून सांगतायत. कुणीतरी म्हणालं, पुढच्या सीटवरून काढा. आजीचं एकूण शरीरमान बघता ते कुणाच्या बापाला जमलं नसतं. "कितीदा सांगितलं, दार नवीन बसव!" नाना माझ्यावर ओरडले.

तेवढ्यात गोठ्यातून कुंदन बाहेर आला. पहाटेपासून आमच्या म्हशीच्या बाळंतपणात अडकला होता म्हणे. हात कोपरापर्यंत साबणानं धुतलेले, चेहरा दमलेला. माझ्याकडे बघितलं. मी दुसरीकडे बघितलं.

तो काही न विचारता पुढच्या दारानं आत शिरला, सीट ओलांडून मागे गेला आणि आजीशेजारी बसला. "आजी, जरा सरका. घाबरू नका, मी रोज अशीच कामं करतो." दाराचं आतलं कव्हर त्यानं उचकटलं आणि त्या पोकळीत हात घातला, गाईच्या पोटात घालावा तसा, डोळे मिटून. बोटांनी काहीतरी शोधत राहिला. खट्.

दार उघडलं. आजी त्याचा हात धरून उतरली आणि तिनं त्याच्या गालावरून बोटं फिरवून कडाकडा मोडली. "मना जीव वाचाडा रे भाऊ तू."

आता असं बघा. माणूस पहाटेपासून उपाशी. त्यानं म्हैस सोडवली, आजी सोडवली. आत पुरणाचा आणि रोटांचा वास सुटलेला. नानांच्या जिवाची घालमेल मला दिसत होती. याला उपाशी कसं पाठवायचं, आणि रोट तरी कसे द्यायचे?

"डॉक्टर," नानांनी विचारलं, "तुम्ही धुळ्याचे म्हणता, पण मूळ गाव कोणतं?"

"फागणं म्हणतात, नाना. माझे आजोबा फागण्याला राहायचे."

नानांचे डोळे एकदम चमकले. "फागणं? अहो, आमचं मूळ फागणं! माझ्या पणजोबांनी गाव सोडलं तिथलं. तुम्ही पाटील, आम्ही पाटील. फागण्याचे पाटील म्हणजे आपलेच! भाऊबंद निघाले की हो डॉक्टर!" ते अंगणभर ओरडून सांगायला लागले. "कानबाईनंच धाडलं याला! अगं, पाट मांड अजून एक! बठ्ठे बसा, डॉक्टर आपल्या पंगतीला शे!"

भाऊबंद. म्हणजे भाऊ. एक तुकडा त्याच्या तोंडात गेला की सगळ्या गावादेखत तो माझा भाऊ होणार, आणि पुढच्या महिन्यात मी नाशिकवाल्यांपुढे पोहे घेऊन उभी. इतके दिवस ज्याला रोट मिळत नाहीत म्हणून मला वाईट वाटायचं, त्याला आज ते मिळू नयेत म्हणून मी कानबाईपुढे मनातल्या मनात हात जोडले.

कानबाई बसली, आरती झाली, मग पाट मांडला. ताट आलं. आईनं स्वतः रोट वाढला, वर तूप. सगळे वाट बघत होते. कुंदन पाटाजवळ उभा होता, बसत नव्हता.

"बसा ना," नाना म्हणाले.

"नाना, मी रोट खाणार नाही."

नानांचा चेहरा उतरला आणि मग लाल झाला. "कानबाईच्या प्रसादाला नाही म्हणता?"

"प्रसादाला नाही म्हणत नाही. भूकही फार लागलीय." त्याचा आवाज जरा कापत होता. "पण हा रोट खाल्ला तर मी तुमचा भाऊबंद होईन... आणि चारुलता माझी बहीण होईल. ते मला नको आहे. मला तिच्याशी लग्न करायचंय. हे मी अजून तिलाही सांगितलेलं नाही. आधी तिला सांगायला हवं होतं. चुकलं."

"मग सांगायचं होतंस ना!" माझ्या तोंडून निघून गेलं. "वर्षभर दाराची चौकशी करत बसलास! स्थळ आलं म्हटलं तर 'बरं' म्हणालास!"

"दुसरं काय म्हणणार होतो? गळ्यातून आवाज निघेना."

मग आम्हा दोघांच्याही लक्षात आलं की सगळी पंगत आमच्याकडे बघतेय. माझे कान तापले. आईनं पदर तोंडाला लावला होता, हसायला की रडायला ते कळेना.

नाना मात्र हलले नाहीत. रागावलेले नव्हते, ते जास्त वाईट होतं. "पोरा," ते हळू म्हणाले, "तू मनानं चांगला आहेस. पण फागण्याचा पाटील असशील तर रोट खा नाहीतर नको खाऊ, तू भाऊच. एका कुळात लग्न होत नाही. ते माझ्या हातात नाही."

माझ्या डोळ्यांपुढचं अंगण धूसर झालं. तो खरंच आमचा निघाला तर काय, याचा मी विचारच केला नव्हता. त्यानंही केला नसावा. त्याचा चेहरा पांढरा पडला.

"त्यानी मायले इचारा," ताईबाई आजी पाटावरून म्हणाली. "बायासले ठाऊक ऱ्हास."

कुंदननं आईला फोन लावला. स्पीकर नानांनीच सुरू करायला लावला.

"आई, आपलं मूळ गाव फागणं ना?"

"काबर रे? जेवना का तू?" त्याच्या आईचा, सुमनबाईंचा, आवाज अंगणभर घुमला.

"नाही अजून. आधी सांग ना."

"फागणं कोठलं? आपलं गाव न्याहळोद. तुना आजा फागण्याले घरजवाई व्हता. फागणं त तुन्या आजीनं माहेर. भागाबाई पाटलीण, तठलीच ती." मग तिला शंका आली. "तू काबर इचारस? कोन्ही पोरगी देखी का काय?"

पंगतीत हशा पिकला. कुंदननं घाईघाईनं फोन बंद केला. नाना अजून बोटांवर नाती जुळवत होते. आजीला बोटं लागली नाहीत.

"भागाबाई! आमन्या चुलत सासऱ्यानी आंडेर ती, लेक!" आजी मांडीवर थाप मारून म्हणाली. "तुला समजत कसं नही रे? हाऊ भाऊबंद नही, सोयरा शे. आपली एक लेक त्याच्या घरी गेलेलीच शे. दुसरी गई त काय बिघडनं?"

नानांनी माझ्याकडे बघितलं. "चारू? तुझं काय म्हणणं?"

"मला हाच हवा, नाना," मी म्हणाले. आवाज माझा, पण इतका मोठा कसा आला ते कळलं नाही.

नानांनी वाकून कुंदनच्या पाटापुढचं ताट उचललं आणि आईच्या हातात दिलं. "हे आत ने. सोयऱ्याला रोट चालत नाहीत." आणि शेजारच्या इंदिराबाईंना ओट्यावरूनच हाक मारली, "वहिनी, चार भाकरी टाका हो आमच्या पाहुण्यासाठी!"

तो ओट्यावर बसून भाकरी खात होता. आम्ही पंगत आत हलवून रोट खात होतो. दारातून त्याची पाठ दिसत होती, आणि मला इतका आनंद झाला होता की घास गिळवत नव्हता. माझ्या ताटातला रोट संपला, तशी आई समोर येऊन बसली आणि तिनं अजून एक वाढला.

"बास गं, आई. पोट भरलं."

"खाऊन घे," आई म्हणाली. तिनं वर तूप सोडलं, भरपूर, ताटात ओघळेपर्यंत. "लग्न झालेल्या लेकीला माहेरचे रोट देत नाहीत, बाई. पुढच्या वर्षी मला तुला वाढता येणार नाही."

मी तो रोट संपवला. रडत रडत, पण सगळा संपवला.